पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाईन: नळी किती लांब घ्यावी?

नेमबाज_मामा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी गेली एकवीस वर्षं वरळीच्या रेंजवर .२२ रायफल शूट करतो. माझ्या ताईचा मुलगा टेक्सासात जन्मला, तिथेच वाढला. त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर एक क्लब आहे. तिथे दर महिन्याला धावपळीचे सामने होतात: लाकडी चौकटींच्या आडून, गुडघ्यावर बसून, पळत जाऊन लक्ष्यं पाडायची आणि वेळ मोजायची. पिस्तूल तो दोन वर्षं चालवतोय. आता त्याला ९ मिमीची कार्बाईन घ्यायची आहे, म्हणजे पिस्तुलाचंच काडतूस, पण खांद्याला लावायचा दस्ता आणि लांब नळी.

गेल्या रविवारी फोन आला. "मामा, दुकानदार म्हणतो १६ इंच घे, जितकी लांब तितकी ताकद. मित्र म्हणतो मिळेल तेवढी आखूड घे. तू सांग."

मी लगेच उत्तर दिलं नाही. माझा हात २६ इंची नळीला बसलेला आहे आणि माझा खेळ पन्नास मीटरवर आडवं पडून खेळायचा. त्याचा खेळ वेगळा. घाईत काहीतरी सांगितलं तर पोरगा तेच प्रमाण मानेल. चार दिवस वाचलं, रेंजवरच्या दोघा-तिघांशी बोललो. जे समजलं ते मांडतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

पहिली गोष्ट तिथल्या कायद्याची, कारण १६ हा आकडा मुळात तिथून आला आहे. अमेरिकेत १९३४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती 'शॉर्ट बॅरल्ड रायफल' ठरते. तिची आगाऊ नोंदणी आणि मंजुरी लागते. त्यावर पूर्वापार २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झाला, नोंदणी मात्र आहे तशीच आहे. म्हणून तिथल्या बहुतेक कार्बाईनी १६ इंचांच्या जेमतेम वर असतात. रुगरची पीसी कार्बाईन १६.१२ इंचांची आहे. १६ हा आकडा ९ मिमीच्या गोळीला काय हवं ते पाहून ठरलेलाच नाही, तो कायद्याच्या उंबरठ्यावरचा आकडा आहे. दुकानदाराने ही एक गोष्ट पोराला सांगायला हवी होती.

दुसरी गोष्ट ताकदीची. ९ मिमीच्या काडतुसात दारू असते जेमतेम पाच ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), रायफलच्या ५.५६ मध्ये पंचवीसच्या आसपास. एवढीशी दारू पहिल्या काही इंचांतच जळून जाते. ११५ ग्रेनची साधी गोळी चार इंची पिस्तुलातून साधारण ११५० फूट प्रति सेकंदाने निघते, १६ इंची नळीतून १३०० किंवा थोडी वर. वाढ आहेच, पण त्यातली बरीचशी दहा-बारा इंचांपर्यंतच मिळून जाते. पुढच्या चार इंचांत गोळीला फारसं काही मिळत नाही. ओझं तेवढं वाढतं.

माझं मत 'आखूडकडे' झुकतंय, पण अजून पक्कं नाही. तुमचा अनुभव सांगा.

---

मुलुंडचा_अभियंता

मामा, दारूबद्दल बरोबर लिहिलंत. "जळून जाते" याच्या एक पाऊल पुढे जाऊ या, कारण खरा हिशोब जागेचा आहे. माझा हा आवडता विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

९ मिमीच्या नळीचं छिद्र धरलं तर दर इंचाला सुमारे १.६ घन सेंटिमीटर जागा होते. पुंगळीत गोळीच्या मागे दारूला जागा असते साधारण अर्धा घन सेंटिमीटर. चार इंची पिस्तुलात गोळी सव्वातीन इंच सरकून बाहेर पडते. तोवर वायू मूळ जागेच्या दहापट पसरलेला असतो. तीच गोळी १६ इंची नळीच्या तोंडाशी येते तेव्हा वायू चाळीसपटीहून जास्त पसरलेला असतो. ढकलायला त्यात फारसा दम उरत नाही आणि घर्षण तर चालूच असतं.

आता ५.५६ ची रायफल घ्या. पुंगळीत जागा १.८ घन सेंटिमीटरच्या आसपास, छिद्र बारीक, दर इंचाला जेमतेम ०.६५. वीस इंची नळीच्या टोकाशीसुद्धा वायू सात-आठपटच पसरतो. म्हणजे रायफलच्या गोळीला वीस इंचांवरही मागून चांगला रेटा असतो, आणि पिस्तुलाच्या गोळीला तेवढा रेटा चार इंचांवरच संपत आलेला असतो. "रायफलची नळी लांब, म्हणून कार्बाईनचीही लांब" हे समीकरण इथेच मोडतं.

सगळे आकडे ढोबळ आहेत. दारू कोणती आणि गोळी किती जड यावर फरक पडतो, पण चित्र बदलत नाही.

.३५७ मॅग्नम हे काडतूस अपवाद. त्यात हळू जळणारी भरपूर दारू असते, १६ इंची लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाईनमध्ये ती चार इंची रिव्हॉल्व्हरपेक्षा चारशे-पाचशे फूट जास्त वेग देते. .४५ एसीपी उलट्या टोकाला, तिथे लांब नळीचा फायदा फार थोडा.

---

नेमबाज_मामा

अभियंतेसाहेब, सात-आठपट विरुद्ध चाळीसपट हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाच्याला जसंच्या तसं पाठवतो.

---

गिरगावकर

बाळबोध प्रश्न. अशी कार्बाईन आपल्याकडे परवान्यावर मिळते का? मी .२२ चा परवाना काढायच्या विचारात आहे, म्हणून विचारतो.

---

वकील_दादर

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या नियमांत जी परिशिष्टातली वर्गवारी आहे, तिच्या पहिल्याच गटात, म्हणजे ज्याला आपण 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतो त्यात, लष्करी ९ मिमी काडतूस घेऊ शकणारी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं आणि कार्बाईनी येतात. कार्बाईन हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. काही पिस्तुलं सोडली तर सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रंही त्याच गटात. .२२ ची कमी वेगाची रिमफायर रायफल तिसऱ्या गटात येते, तिचा परवाना रीतसर निघतो. तेव्हा तुमचा .२२ चा विचार योग्य आहे. कार्बाईनचा डोक्यातून काढा.

---

कोकणातला_नातू

वकीलसाहेब, याच ओघात विचारतो. आजोबांची १२ बोअरची सिंगल बॅरल गावाला आहे, परवाना आता वडिलांच्या नावावर आहे. रानडुकरं आणि माकडं बागेत येतात, बार काढून हाकलायला लागतात. नळी लांबलचक, कलमांच्या फांद्यांत अडकते. गावातला एक लोहार म्हणतो, सहा इंच कापून देतो. हरकत आहे का?

---

वकील_दादर

अजिबात करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

याच अधिनियमाचं कलम ६ नळी आखूड करण्याबद्दलच आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो तुमच्याकडे नाही, लोहाराकडे तर नाहीच. दुसरं, गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांपेक्षा आखूड झाली की ती थेट पहिल्या गटात जाऊन बसते. आज वडिलांकडे रीतसर परवान्याची बंदूक आहे. एका दुपारीत ती बेकायदा कापलेली बंदूक होईल आणि गुन्हा कापणाऱ्याबरोबर वडिलांवरही दाखल होऊ शकतो. उद्या पोलीस ठाण्यात तपासणीला नेली की पहिल्यांदा नळीच मोजतील.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जुन्या १२ बोअरच्या नळीत शेवटचे दोन-तीन इंच 'चोक' असतो. छर्रा एकत्र ठेवायला नळी तिथे किंचित आवळलेली असते. तो कापला की छर्रा पसरतो. फांद्या छाटा. बंदूक आहे तशी राहू द्या.

---

कोकणातला_नातू

कळलं. बाबांना आत्ताच फोन करून सांगितलं. आभार.

---

जुना_हवालदार

मी पोलीस दलातून निवृत्त. कागदावरचं गणित मला जमत नाही, पण ९ मिमीची कार्बाईन हातात बरीच वर्षं होती. आमची ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली, मूळ ब्रिटिश स्टर्लिंगचा नमुना. मॅगझिन डाव्या बाजूला आडवं, ३४ राऊंडचं, केळ्यासारखं वाकडं. नळी किती? १९६ मिलिमीटर. पावणेआठ इंचसुद्धा पुरते नाहीत. एनएसजीकडची एमपी-५ घ्या, तिची २२५ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंचांच्या आत.

म्हणजे ज्यांनी ही हत्यारं कामासाठी बनवली त्यांनी कधी १६ इंचांचा हट्ट धरला नाही. गाडीतून उतरताना, जिन्याच्या वळणावर, चाळीच्या बोळात आखूड हत्यारच फिरतं. पन्नास पावलांवर गोळी जिथे जायची तिथे जात होती.

पण आखूड हत्याराची एक गोष्ट तुमच्या भाच्याला जरूर सांगा. पुढचा हात नळीच्या तोंडाजवळ येतो. आमच्या एका जवानाने सरावात घाईत पकड पुढे सरकवली आणि उस्तादांनी लगेच शिट्टी मारून फायर थांबवला. काही झालं नाही, पण मला तो क्षण अजून दिसतो. नळी आखूड घेतली तर पुढे हात अडेल अशी काहीतरी खूण, अडसर, हवाच. हे पहिल्या दिवशी शिकायचं.

---

नेमबाज_मामा

हवालदारसाहेब, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. लिहून घेतलं.

---

मधुरा_ठाणे

मी २५ मीटर पिस्तूल करते, रायफल फारशी नाही. तरी मला वाटतं तुम्ही सगळे वेगावर अडकला आहात. सामन्यात वेग महत्त्वाचा नाहीच.

मामा, तुमचा भाचा ज्या सामन्यांबद्दल सांगतोय ते यूएसपीएसए या तिथल्या नेमबाजी संघटनेच्या पद्धतीचे असतील, तर तिथे 'पॉवर फॅक्टर' पाहतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, भागिले १०००. कार्बाईन गटाला सगळे गुण 'मायनर' म्हणजे खालच्या पातळीने मिळतात आणि त्यासाठी १२५ पुरतो. १२४ ग्रेनची गोळी १०१० फुटांनी गेली की १२५ पार. १४७ ग्रेनची असेल तर ८५५ फूट बास. हे आकडे पिस्तुलाच्या नळीतूनच येतात. त्यावर जास्त वेग म्हणजे खांद्याला जास्त झटका, गुण एकही जास्त नाही.

मग उरतं काय? बंदूक एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर किती चटकन फिरते आणि फिरून किती चटकन थांबते. थांबणं जास्त अवघड. नळीच्या टोकाला जितकं वजन, तितकी ती पुढे वाहवत जाते.

घरी करून बघायचा एक उपाय सांगते, मी पिस्तुलाची वजनं ठरवताना अशीच करते. झाडूचा दांडा घ्या. एका टोकाला, खांद्याच्या बाजूला, अर्ध्या किलोची तूरडाळीची पिशवी सुतळीने बांधा. भिंतीवर दीड मीटर अंतराने पेन्सिलीच्या दोन फुल्या काढा. दांडा खांद्याला लावून एका फुलीवरून दुसरीवर जा आणि थांबा, वीस वेळा. आता तीच पिशवी सोडून पुढच्या टोकाला बांधा आणि पुन्हा वीस वेळा. वजन तेच, पण दहाव्या वेळेला दांड्याचं टोक फुलीच्या पुढे जाऊन परत यायला लागतं, कोपराला कळ येते. माझ्या आईने पाहिलं आणि ती पण करून बघायला लागली. तिला पहिल्या पाच वेळांतच फरक कळला.

---

मुलुंडचा_अभियंता

मधुरा, फार छान. यालाच जडत्व आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) म्हणतात आणि ते अंतराच्या वर्गाने वाढतं. नळीच्या टोकाचे १०० ग्रॅम हे मुठीजवळच्या १०० ग्रॅमपेक्षा कितीतरी पट जड 'लागतात'.

---

विक्रोळी_५०मी

मी थोडा विरोधी सूर लावतो. आखूड नळीची दुसरी बाजू कोणी लिहिली नाही.

आवाज. नळी आखूड, म्हणजे तोंडाशी दाब जास्त, म्हणजे धमाका मोठा आणि ज्वाळाही मोठी. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनवाल्याला विचारा. १६ इंचांतून ९ मिमी ऐकायला बराच सौम्य वाटतो. कानाला मफ असले तरी दोनशे राऊंडनंतर डोकं जड होतं की नाही, यात फरक पडतो.

नेमाचा पल्ला. उघडी साईट असेल तर पुढची आणि मागची साईट जितकी दूर तितकी चूक कमी. आपल्या मॅच रायफलची नळी लांब आहे ती मुख्यतः यासाठी आणि स्थिर वजनासाठी, वेगासाठी नव्हे. .२२ ला सोळा-अठरा इंचांनंतर वेग मिळतच नाही, उलट किंचित कमी होतो. आणि १० मीटर एअर रायफलमध्ये तर खरी नळी बरीच आखूड असते, पुढचा भाग नुसता पोकळ पाईप, साईट पुढे नेण्यासाठी. आयएसएसएफने (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने) तिथे दस्ता सोडून, रिसीव्हरच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंत, ८५० मिमीची मर्यादा घातलेली आहे.

तिसरं, ध्वनीचा वेग. मुंबईत ३० अंशांवर तो सुमारे ११४५ फूट. ११५ ग्रेनची गोळी लांब नळीतून हमखास त्याच्या वर जाते आणि कडाका देते. १४७ ची लांब नळीतूनही बहुधा खालीच राहते.

---

नेमबाज_मामा

विक्रोळी, पोकळ पाईपचा मुद्दा वाचून मी जागेवरून उठलो. कारण भाच्याच्या देशात नेमकं हेच कार्बाईनला करतात! आत रायफलिंगची खरी नळी पाच-आठ इंचांची, तिच्यापुढे पातळ हलका पाईप कायमचा वेल्ड करून एकूण १६ इंच. तोंडाला लावलेला भाग वेल्डने कायमचा जोडलेला असेल तर तो लांबीत मोजतात. बंद बोल्टच्या (काडतुसामागच्या सरकत्या अडसराच्या) तोंडापासून टोकापर्यंत आतून सळई घालून मोज घेतात. म्हणजे आखूड नळीचा हलकेपणाही मिळाला, नोंदणीची भानगडही नाही, आणि हवालदारसाहेब म्हणतात तो हात पुढे जायचा धोकाही नाही. तुमच्या-आमच्या एअर रायफलीची युक्ती.

साईटच्या पल्ल्याबद्दल: भाचा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साईट) लावणार आहे, त्यामुळे तो मुद्दा त्याच्यापुरता गळतो. मात्र रेड डॉट नळीच्या दोन-अडीच इंच वर बसतो. सात-आठ मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या जवळपास तेवढीच खाली लागते. चौकटीच्या कडेला टेकून मारताना ठिपका मोकळा दिसतो आणि गोळी लाकडात जाते. हे नळीच्या लांबीने सुटत नाही, सरावानेच सुटतं.

आवाजाचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: काल नळ्यांबद्दल इतकं बोलणं झालं म्हणून रात्री माझी रायफल काढली. जुलैतली वरळीची हवा तुम्हाला माहीत आहे, भिंतीवरचा रंगसुद्धा ओला लागतो. पंधरा दिवसांपूर्वी तेल लावून ठेवली होती. पांढऱ्या फ्लॅनेलचा चौकोन सळईला लावून चेंबरकडून (काडतूस बसतं त्या बाजूने) तोंडाकडे ढकलला. पहिला बाहेर आला तो फिका पिवळा. दुसरा पांढरा. तिसऱ्याच्या कडेला तपकिरी रंगाची, केसाएवढी बारीक रेघ. दिव्यासमोर धरून पाहिलं, तोंडापासून अर्ध्या इंचावर गंजाचा ठिपका धरायला लागला होता. काढला, पण तासभर झोप लागली नाही. नळी सोळाची असो की सव्वीसची, नेम ठरतो तो तोंडाजवळच्या त्या शेवटच्या अर्ध्या इंचावर. गोळी सगळ्यात शेवटी तिथून सुटते, आणि कडेला एका बाजूला जरी खळगा पडला तरी वायू तिकडून आधी निसटतो. पावसाळ्यात रायफल केसमध्ये बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. कपाटात उभी ठेवा, सिलिका जेल ठेवा, आठवड्याला एकदा तेलाचा फ्लॅनेल फिरवा.

---

सायन_ज्युनिअर

मामा, मी एनसीसीतून नुकताच रेंजवर यायला लागलोय. स्वप्निल कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हापासून ठरवलंय. मी पण लांब नळीचीच रायफल घ्यावी का? की आखूड नळी आणि पाईप?

---

नेमबाज_मामा

बाळा, अजून काहीही घेऊ नकोस. क्लबच्या रायफलीवर वर्षभर काढ. तीन पोझिशनमध्ये तुझं शरीर वेगवेगळं वजन मागेल. उभं राहून तुला पुढे जड बंदूक आवडेल, कारण ती डोलत नाही. भाच्याच्या खेळात हेच वजन शत्रू आहे, तुझ्या खेळात मित्र. आधी स्वतःच्या हाताला काय हवंय ते कळू दे. शनिवारी सकाळी रेंजवर असतो, ये. माझी उचलून बघ.

---

नेमबाज_मामा

नऊ दिवसांनी लिहितोय.

भाच्याने मधुराचा झाडूचा प्रयोग केला (त्याच्याकडे तूरडाळ नव्हती, तांदूळ बांधले). मग क्लबातल्या तिघांच्या कार्बाईनी मागून शूट केल्या: एक जाड १६ इंची नळीची, एक पातळ १६ इंची, एक आत आखूड नळी आणि पुढे पाईपवाली. तिन्हींवर तोच स्टेज, तेच काडतूस. जाड नळीवर प्रत्येक वळणाला ठिपका लक्ष्याच्या पुढे जाऊन परत येत होता, असं त्याने स्वतःहून सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. पाईपवाली सगळ्यात चपळ, पण कानाला सगळ्यात कडक, आणि क्लबची रेंज अर्धी छताखाली आहे.

त्याने पातळ १६ इंची घेतली. मला वाटत होतं पाईपवाली घेईल, मी असतो तर तीच घेतली असती. पण त्याच्या कानाला दोन वर्षांपूर्वी त्रास झाला होता, हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. काल फोनवर सांगितलं.

काल रात्री त्याने फोटो पाठवला. बोल्ट बंद, सळई आत घातलेली, नळीच्या तोंडाशी सळईवर पेनाने खूण आणि शेजारी मोजपट्टी. सव्वासोळा इंच. खाली लिहिलं होतं, "मामा, आधी तीन वेळा बघितलं चेंबर रिकामं आहे का, मगच सळई घातली."